दाढेमागचे तीन मिलिमीटर

मिरजेत डॉक्टर आणि तंबोरे घडवणारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात, आणि आपलंच काम जास्त नाजूक आहे अशी दोघांचीही खात्री असते. या दोघांच्या मधल्या एका बोळात वृंदा कोळेकरची डेंटल लॅब होती. तोंडात दात बसवणारा डॉक्टर वेगळा आणि ते दात घडवणारा कारागीर वेगळा, हे लोकांच्या गावीही नसतं. वृंदा ही कारागीर. वीस वर्षं तिनं मिरज-सांगलीच्या म्हाताऱ्यांना चावायला दात दिले होते आणि त्यातल्या एकालाही तिचं नाव माहीत नव्हतं. त्याचं तिला काही वाटत नसे.

तिचा जीव होता तो खिडकीजवळच्या फळीवर. तिथं पांढऱ्या प्लास्टरचे बारा जबडे ओळीनं मांडलेले असत, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं नाव. हे तिच्या नवऱ्याचे, सुहाससरांचे, तायक्वांदोचे खेळाडू. त्यांची माउथगार्डं, म्हणजे मार बसताना दात वाचवणारी तोंडातली कवचं, ती स्वतः करायची, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. त्याला कारण होतं. सतराव्या वर्षी ती स्वतः तायक्वांदो खेळत असताना तिच्या संघात चार मुलींत मिळून एकच गार्ड होतं, गरम पाण्यात बुडवून चावलं की दातांवर बसणारं, बाजारातलं. जिची पाळी तिनं ते धुऊन तोंडात घालायचं. दुसरीच्या दातांचे खड्डे पडलेलं ते रबर तोंडात गेलं की वृंदाला उमासे यायचे. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिनं ते गुपचूप पिशवीत टाकलं आणि तशीच मॅटवर उतरली. अर्ध्या मिनिटात समोरच्या मुलीची टाच तोंडावर बसली आणि वरचे दोन दात मॅटवर पडले. तेव्हापासून तिथं दोन खोटे दात होते, एका पातळ पट्टीवर बसवलेले, काढता-घालता येणारे. ते काढलेलं तिचं तोंड नवऱ्यानंही पाहिलेलं नव्हतं.

आता २०३९ साल होतं आणि जमाना बदलला होता. तीन वर्षांपूर्वी ‘पहारा’ नावाचं गार्ड आलं आणि तायक्वांदो महासंघाच्या स्पर्धांमध्ये ते सक्तीचं झालं. दिसायला साधंच, वरच्या दातांवर चढणारं. फक्त गालाकडच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी चिप. चिप बसवलेली शीट कंपनीकडून यायची, आणि परवाना असलेले वृंदासारखे कारागीर ती प्लास्टरच्या जबड्यावर दाबून गार्ड काढायचे.

डोक्याला बसलेला मार मोजायचा तर डोक्याला काहीतरी लावावं लागतं. पण हेडगार्ड सरकतं आणि कातडीही सरकते. कवटीच्या हाडात पक्की रोवलेली आणि तरी बाहेरून हाताला लागणारी एकच गोष्ट माणसाकडे असते, ती म्हणजे वरचे दात. कवटी जेवढी हलते तेवढेच ते हलतात. हे हलणं चिप सेकंदाला हजारो वेळा मोजायची. डोकं किती जोरात ढकललं गेलं ते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती वेगानं गरकन वळलं ते. कारण मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो पाण्यात असतो. डोकं झटक्यानं फिरलं की कवटी आधी फिरते, मेंदू मागून येतो, आणि त्या ओढाताणीत आतले तंतू ताणले जातात. हाड मोडत नाही, रक्त येत नाही. माणूस उठून उभा राहतो आणि पुढची किक मारतो, म्हणून हा मार फसवा. ताण मर्यादेबाहेर गेला की गार्डाच्या आतल्या बाजूची हिरवी पट्टी लाल व्हायची. गार्ड त्याच्या डबीत ठेवून झाकण लावलं की नोंद महासंघाच्या डॉक्टरांकडे जायची. पट्टी लाल असेल तर निदान तीस दिवस मॅट बंद. एकदा गेलेली नोंद परत घेता येत नसे.

सुहाससरांच्या बारा खेळाडूंची पट्टी तीन वर्षांत एकदाही लाल झाली नव्हती. सर हे चारचौघांत छाती फुगवून सांगत. “आमची पोरं मार खातच नाहीत. मार चुकवायलाच शिकवलंय मी.” वृंदालाही ते खरं वाटायचं. मानून घ्यायला ते फार गोड होतं.

त्या सोमवारी सकाळी इस्माईल मुजावर लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. तंबोऱ्यांच्या एका कारखान्यात ते घोडी बसवायचं काम करत. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती हाडाची पट्टी. त्यांची धाकटी शाहीन वीस वर्षांची, सरांची सगळ्यात गुणी खेळाडू. शनिवारी पुण्यात तिची राष्ट्रीय संघासाठी निवड चाचणी होती.

“या की भाई. शाहीनचं गार्ड इथंच आहे, कालच पॉलिश केलंय.”

“गार्डासाठी नाही आलो ताई.” ते बसले नाहीत. “सरांना विचारायचं धाडस होईना, म्हणून तुमच्याकडं आलो. पोरगी घरात तंबोरा लावू देईना झालीय.”

“म्हणजे?”

“मी तार छेडली की कान दाबून धरती. पाळण्यात असल्यापासून त्याच आवाजात झोपलेली पोर ही. आता म्हणती, अब्बा, डोक्यात घुसतंय. परवा खुंटी पिळायला दिली तर उलटी पिळली. दोनदा. आणि सकाळी विचारलेलं दुपारी परत विचारती.” मग ते स्वतःचीच समजूत घालू लागले. “चाचणीचं टेन्शन असंल म्हणा. गार्ड तर हिरवंच आहे न्हवं?”

“हिरवंच आहे,” वृंदा म्हणाली.

भाईंची नजर तिच्या हाताकडे गेली. “हे काय घासताय?”

“दाढेमागचा भाग. पूर्ण लांबी ठेवली की घशाकडं लागतं, पोरांना उमासे येतात. मग ती गार्ड काढून टाकतात आणि तशीच खेळतात. म्हणून मी प्रत्येकाचं मागून तीन मिलिमीटर कमी करते.”

एका कारागिरानं दुसऱ्याला द्यावी तशी भाईंनी मान डोलावली. “आमच्यातपण सगळं घासण्यातच आहे. घोडी बेतानं घासली तर तार बोलती. केसभर जास्त झाली की मुकी.”

सरांना सलाम सांगायला सांगून ते गेले. वृंदानं हातातलं यंत्र बंद केलं. कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं, गार्ड शेवटची दाढ पूर्ण झाकेल एवढं असावं. तिनं ते वाचलंही होतं. पण पुस्तिका लिहिणाऱ्याला कधी उमासे आले नसणार, असं म्हणून तिनं ते कानाआड केलं होतं.

त्या दिवशी म्हाताऱ्यांचे दात बाजूला राहिले. तिनं शाहीनचं गार्ड कॉम्प्युटरला जोडलं. नेहमीच्या हिरव्या पानावर न थांबता ती खाली गेली, जिथं चिपनं टाकून दिलेल्या नोंदी असतात तिथं. चिपला एक बारीक डोळा होता, तो सतत दाताकडे बघायचा. दात जरा लांब गेला की चिप समजायची, गार्ड काढलंय किंवा खेळाडू ते चावत बसलाय, आणि तो झटका मोजायची नाही. यात शहाणपणच होतं, नाहीतर नुसतं चावल्यानंही पट्टी लाल झाली असती. शाहीनच्या यादीत एकसष्ट वेळा एकच शब्द होता. चावणं, चावणं, चावणं.

गार्ड चावायची सवय शाहीनला होती, सगळ्यांनाच असते. पण समोरून टाच कानशिलावर येत असताना कोण चावत बसेल? वृंदानं सामन्यांचे व्हिडिओ उघडले आणि वेळा ताडून पाहिल्या. एकसष्टपैकी चौतीस वेळा, अगदी त्याच क्षणी, शाहीनच्या डोक्याला किक लागत होती.

एवढ्यावर ती थांबली नाही. तिनं फळीवरून शाहीनचा प्लास्टरचा जबडा उतरवला, एका लाकडी पाटीला पक्का बांधला, पाटी दाराच्या बिजागरीवर अडकवली आणि सरांच्या जुन्या मोज्यात वाळू भरून तो झोक्यासारखा पाटीवर आदळेल असा टांगला. नव्या शीटमधून एक पूर्ण लांबीचं गार्ड काढलं. दोन्ही गार्डं आळीपाळीनं जबड्यावर चढवली. हलका झोका दिला, दोन्ही गार्डांनी आकडा दाखवला. जोराचा दिला. पूर्ण गार्डानं मोठा आकडा दाखवला. कापलेल्यानं लिहिलं, चावणं.

शेवटच्या दाढेची पकड गेल्यामुळे जोराच्या तडाख्याला गार्ड पापणी लवेपर्यंत दातावरून उचललं जात होतं, आणि चिपला वाटत होतं की ते डोक्यामुळे नाही, जबड्याच्या चाळ्यामुळे हललंय. म्हणजे बारीकसारीक मार मोजला जात होता आणि मोठा वगळला जात होता. तिनं वीस वेळा झोका दिला. वीस वेळा तेच झालं.

ती स्टुलावर बसली. हे कंपनीनं केलेलं नव्हतं, सरांनीही नाही. हे तिनं केलं होतं, स्वतःच्या हातांनी, बारा वेळा, आणि मायेनं केलं होतं म्हणून कधी तपासून पाहिलं नव्हतं. तिला स्वतःचा संताप आला. त्याहून जास्त भीती वाटली ती खुंटी उलटी पिळणाऱ्या त्या हातांची.

दुपारी जेवताना तिनं सरांना सगळं सांगितलं. सरांचा घास हातातच राहिला.

“काय बोलतीयस तू? शनिवारी चाचणी आहे.”

“म्हणूनच आज सांगते.”

“शनिवार होऊ दे. रविवारी बाराच्या बारा गार्डं नवी कर. मी स्वतः पोरांना दम देऊन घालायला लावतो.”

“आणि शनिवारी तिच्या डोक्याला लागलं म्हणजे? आधीचं भरलेलं नाही अजून. त्याच्यावर दुसरं बसलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कोचच्या परीक्षेत तुम्हीच पाठ केलंय.”

“आठ वर्षांची होती ती, माझ्याकडं आली तेव्हा,” सरांचा आवाज चढला. “बारा वर्षं घातलीत मी त्या पोरीवर. आणि तू मोज्यातल्या वाळूवर तिचं वाटोळं करणार?”

“वीस वेळा केलंय. तुम्ही या, एकविसावा झोका तुमच्या हातानं द्या.”

सर आले नाहीत. हात धुऊन उभ्या उभ्या एवढंच म्हणाले, “नोंद पाठवलीस तर तुझा गार्ड करायचा परवानापण जाईल. कळतंय न्हवं?”

“कळतंय,” वृंदा म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांच्या सरावाच्या हॉलवर गेली तेव्हा बाराही जण पाय ताणत बसले होते. काकू हॉलवर कधी येत नसत, त्यामुळे सगळे उठून उभे राहिले. सर कोपऱ्यात पॅड बांधत होते, त्यांनी मान वर केली नाही. वृंदानं काय बोलायचं ते घोकून आणलं होतं. ते तिनं बाजूला ठेवलं. तिनं तोंडात दोन बोटं घातली, पट्टी ओढली आणि दोन खोटे दात तळहातावर ठेवून पोरांसमोर धरले. मग ती बोलली, आणि त्या खिंडारातून निम्मे शब्द वाऱ्यासारखे सुटत होते.

“हे माझे दात. उमासे येतात म्हणून मी गार्ड घातलं नव्हतं, म्हणून हे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून मी तुमची गार्डं मागून कापली. दात वाचले तुमचे. पण डोक्याला बसलेला मोठा मार त्या गार्डांनी मोजलाच नाही. चूक माझी आहे. तुमची नाही आणि सरांची नाही. टाकून दिलेल्या सगळ्या नोंदी मी आज डॉक्टरांकडं पाठवतीय.”

सरांचा हात पॅडच्या पट्ट्यावर थांबला होता. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि बायकोचं हे तोंड ते पहिल्यांदा बघत होते.

शाहीन पुढं आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. “काकू, माझं गार्ड कापायच्या आधी मला विचारलं होतं?”

“नाही.”

“मग आता पाठवायच्या आधी तरी विचारा. हिरवं आहे न्हवं माझं? मग खेळू द्या मला. चारच तर दिवस आहेत. डोकं माझं आहे.”

“आज तारीख किती, शाहीन?”

“काय संबंध?”

“सांग की.”

शाहीननं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला मान वळवली. ती कॅलेंडरकडे बघत राहिली, तिला आकडा सापडेना. मग तिनं किटबॅग उचलली आणि वृंदाकडे न बघता निघून गेली.

नोंदी गेल्या. महासंघाच्या डॉक्टरांनी पाच जणांना थांबवलं. त्यातल्या चौघांना तीस दिवस आणि शाहीनला डॉक्टर म्हणतील तोवर. पुण्याच्या चाचणीत दुसऱ्याच गावची मुलगी निवडली गेली. वृंदाचा परवाना सहा महिन्यांसाठी रद्द झाला. एका खेळाडूच्या आईनं भर बाजारात तिला नको नको ते ऐकवलं आणि वृंदानं ते भाजीची पिशवी हातात धरून पूर्ण ऐकून घेतलं. घरात सर मीठ हवं तर ‘मीठ’ आणि पाणी हवं तर ‘पाणी’ एवढंच म्हणत, त्यापलीकडे शब्द नाही. हे सगळं होणार हे तिला माहीत होतं. माहीत असल्यानं ते हलकं झालं असं मात्र नाही.

तिनं रडत बसायचं नाही असं ठरवलं. ‘पहारा’वाल्यांच्या प्रशिक्षणाला ती पुन्हा गेली, विशीतल्या पोरापोरींबरोबर बाकावर बसली आणि वाळूच्या झोक्याचा सगळा प्रयोग आकड्यांसकट फळ्यावर मांडून दाखवला. शिकवणाऱ्यांनी तो लिहून घेतला. लॅबमध्ये परत आल्यावर उमाशांवर काय करता येईल ते तिनं स्वतःवरच करून पाहिलं. स्वतःच्या मापाचं पूर्ण लांबीचं साधं गार्ड केलं आणि काम करताना तोंडात ठेवायला लागली. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत बेसिनकडे धावली. दुसऱ्या दिवशी तीस. नाकानं श्वास घ्यायचा, जीभ खाली ठेवायची, पायाचा अंगठा दाबून धरायचा. महिनाभरानं गार्ड तोंडात ठेवून ती दुपारभर दात घडवू लागली आणि आलेल्या माणसाशी खुणांनी बोलू लागली. बोळात तिला वेड लागल्याची बातमी पसरली.

तीन महिन्यांनी एका सकाळी शाहीन दारात आली. जरा हडकली होती. बराच वेळ ती जबड्यांच्या फळीकडे बघत उभी राहिली.

“अब्बांनी काल तंबोरा लावला,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत बसले मी.”

वृंदानं तोंडातलं गार्ड काढलं. “दुखलं?”

“थोडं. आधी दुखायचं तसं नाही.” मग तिनं बोट केलं. “ते काय घातलंय तुम्ही?”

“पूर्ण लांबीचं आहे.”

“आणि उमासे?”

“येतात की. पण रोज थोडे कमी येतात.”

शाहीननं खुर्ची ओढली आणि बसली. “माझा राग गेलेला नाही काकू. सांगून ठेवते. पण माप घ्या. गार्ड परवाना आल्यावर करा.”

जिल्ह्याची स्पर्धा पुढच्या हिवाळ्यात सांगलीत होती. तोवर डॉक्टरांनी शाहीनला खेळायची परवानगी दिली होती आणि वृंदाला परवाना परत मिळाला होता. जिंकणारी राज्याला जाणार आणि तिथून पुन्हा पुण्याची चाचणी. शाहीन अंतिम सामन्यात पोचली. वृंदा आणि इस्माईलभाई सरांच्या खुर्चीच्या बरोबर मागं, दुसऱ्या रांगेत बसले होते.

पहिला राऊंड समोरच्या मुलीनं घेतला. दुसऱ्यात शाहीनच्या डाव्या कानावर सणसणीत किक बसली, हेडगार्ड तिरकं झालं, ती एका गुडघ्यावर आली आणि लगेच उठली. उठली ती अशी की पुढच्या दहा सेकंदांत तिनं दोन किक लावल्या आणि राऊंड खिशात घातला. एकेक राऊंड दोघींचा झाला होता. भाई टाळ्या वाजवत होते. वृंदा वाजवत नव्हती.

मधली एक मिनिटाची सुट्टी. या सुट्टीत खेळाडू गार्ड कोचच्या तळहातावर काढतो, कोच ते पाण्यानं खळबळून पुन्हा तोंडात देतो. सरांनी हजारो वेळा न बघता हे केलं होतं. या वेळी त्यांनी पाण्याची बाटली उचलली, तळहाताकडे पाहिलं आणि बाटली तशीच खाली ठेवली.

वृंदाला तळहात दिसत नव्हता, सरांची मान दिसत होती. इतक्या वर्षांत ती मान तिला पाठ झाली होती. मोठ्या स्पर्धांत जागेवरच गार्ड तपासणारं टेबल असतं तसं जिल्ह्याच्या स्पर्धेत नसतं, पंचांना काही कळणार नव्हतं. सरांनी गार्ड धुऊन परत दिलं असतं तर शाहीन राज्याला गेलीही असती आणि हे गार्ड बॅगेच्या तळाशी हरवलंही असतं. उठून ओरडावं असं वृंदाला फार वाटलं. ती उठली नाही. तिला सांगायचं होतं ते ती एकदा सांगून बसली होती. तिनं खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली.

सरांनी खिशातून डबी काढली. गार्ड तिच्यात ठेवलं आणि झाकण लावलं. टक् असा आवाज झाला. नोंद गेली.

“सर, एकच राऊंड राहिलाय,” शाहीन म्हणाली.

“माहितेय.”

“मी बरी आहे सर. एकदम बरी आहे.”

“गेल्या वर्षीपण तू बरीच होतीस,” सर म्हणाले आणि त्यांनी पंचांकडे हात वर केला.

शाहीननं हनुवटी छातीला लावली, खांदे एकदा गदगदले. मग तिनं हेडगार्ड काढलं, मॅटच्या मध्यावर चालत गेली, गोंधळून उभ्या असलेल्या त्या मुलीला कंबरेत वाकून नमस्कार केला आणि सरळ चालत परत आली. खुर्चीपाशी थांबून तिनं वडिलांकडे पाहिलं. “अब्बा, आज तारीख अठरा,” ती म्हणाली. “मला येतीय सांगायला. आत्ताच थांबले मी, म्हणून येतीय.” भाईंना त्यातलं निम्मंच कळलं, पण ते उठून तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले.

सर रांगेतून वाट काढत वृंदापाशी आले. त्यांनी डबी तिच्या हातात ठेवली आणि तिच्या मुठीवर आपली मूठ जरा वेळ तशीच राहू दिली.

“पट्टी लाल झाली. लांबी बरोबर आहे,” ते म्हणाले. “कुणी कितीही रडलं तरी एक मिलिमीटरसुद्धा कमी करू नकोस.”